स्लॅबखालची चार बोटांची फट

अन्याय मीनाक्षी गव्हाणे हिच्यावर झाला. गाव मुदखेडजवळचं, मुक्काम लातूर, काम डॉक्टर होण्यासाठी पाठांतर. आणि तो झाला वेळ अमावस्येच्या दिवशी, भर दुपारी, जेवताना. वेळ अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव घरांना कुलपं लावून शेतात जेवायला जातं. मीनाक्षीच्या घरमालकानंही सगळ्या भाडेकरू पोरींना आपल्या शेतात नेलं होतं. कडब्याच्या खोपीपुढची पूजा झाली, पहिली पंगत बसली, मीनाक्षीच्या पानात मिसळ भाज्यांची भज्जी पडली, आंबिलीचा गडू तिच्यापर्यंत यायचा होता, तेवढ्यात तिच्या क्लासच्या पोरींच्या आणि पालकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. क्लासच्या फळ्याचा. त्यावर लाल खडूनं लिहिलं होतं : 'कॉपी प्रकरण. मीनाक्षी गव्हाणे, दुपारची बॅच. स्टार बॅचमधून काढण्यात आले आहे.'

पंगतीतल्या सगळ्या पोरींच्या फोनवर तो एकदमच पोचला. कुणाचा घास तोंडात, कुणाचा हातात.

मीनाक्षीनं कॉपी केली नव्हती. तिचा दोष एवढाच, की ती एका भिंतीच्या अलीकडं राहत होती आणि ती भिंत वर स्लॅबपर्यंत पोचत नव्हती.

तिचं नाव मी तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा ताई. फळ्यावर लिहिताना कुठं कुणी विचारलं होतं?" क्लासचं नाव मात्र लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण होर्डिंगवर हाताची घडी घालून उभे असलेले सर लातुरात इतके आहेत, की कोणते ते तुम्हाला कळायचं नाही.

आता मी कोण, ते सांगते. घरातली भिंत आणि वरचा स्लॅब जिथं भेटायला हवेत पण भेटत नाहीत, तिथली फट मी भरते. रंग देत नाही, फरशी बसवत नाही, नळ बघत नाही. लातुरात मला 'भेगवाली' म्हणतात. मी मूळची लोह्याची. मलाही घरच्यांनी डॉक्टर व्हायला लातूरला पाठवलं होतं. डॉक्टर झाले नाही, पण मुलींच्या वसतिगृहांतल्या पाण्यावर, डासांवर, डाळीवर पत्रकं लिहायला मात्र शिकले. माझ्या पत्रकांनी डाळ घट्ट झाली नाही, पण घरमालकांना माझं नाव पाठ झालं.

एका पत्रकात मी मागणी केली : 'मुलींच्या खोल्यांमधील भिंतींवरच्या फटी तात्काळ बुजवा!' दुसऱ्या दिवशी एक घरमालक पत्रक हातात घेऊनच माझ्यापुढं उभा राहिला.

"बुजवतो की. पर गडीमाणूस पोरींच्या खोलीत पाऊल ठेवू न्हाई, हे तुमच्याच मागल्या पत्रकात हाय. मग बुजवणार कोण? तुम्ही?"

प्रश्न बिनतोड होता, आणि मागणी मागं घ्यायची मला सवय नव्हती. मी नांदेडला मामाकडं गेले. मामा पेंटर. त्यानं आधी खो खो हसून घेतलं, मग मला घोडीवर चढवलं. घोडी म्हणजे आमची दोन पायांची शिडी. एक उन्हाळा मी स्लॅबखाली मान मोडून घेतली आणि लातूरला परतले ते काम शिकून. तेव्हापासून लातुरातल्या मुलींच्या वसतिगृहांत फट भरायला गवंडी येत नाही, मी येते. गवंडी आला तर सगळ्या पोरींना बाहेर काढावं लागतं, आणि पोरींना दिवसभर एकतर क्लास असतो नाहीतर क्लासची भीती. मी आले तर फक्त घोडीला जागा द्यावी लागते. आणि माझं बोलणं ऐकावं लागतं. "भेगवालीला बोलवा, पर तिला बोलतं करू नका," असं घरमालक एकमेकांना सांगतात, ते मला माहीत आहे.

ही फट पडते कशी, ते ऐका. आमच्याकडचा उन्हाळा स्लॅबवर दिवसभर ठाण मांडून बसतो. स्लॅब तापतो, केसभर वर उचलला जातो. भिंत सावलीत, ती जागची हलत नाही. मग दोघांचा सांधा सुटतो. गवंडी तिथं सिमेंट ठासतो आणि हात झटकतो. पुढच्या वैशाखात सिमेंटसकट तडा. या फटीत दगड बनणारी वस्तू भरायचीच नसते. आत फोमची दोरी सरकवायची, तिच्यावर रबरासारखं लवचीक राहणारं सीलंट सोडायचं, ओल्या बोटानं सारखं करायचं, वर जाळीची पट्टी, मग पुट्टी. स्लॅब उचलला तर भरण ताणतं, बसला तर दबतं. संसारासारखं आहे, असं मामा म्हणायचा. मामाचं लग्न झालेलं नाही.

पण ज्यानं त्र्याण्णवचा भूकंप पाहिलाय त्याला ऊन, सांधा, लवचीक असलं काही सांगून उपयोग नसतो. त्याला भेग म्हणजे भेग. नांदेडला मामाबरोबर मी एका निवृत्त तलाठी काकांच्या घरी गेले होते. त्यांनी घरातल्या प्रत्येक भेगेवर डिंकानं कागदाची पट्टी चिकटवली होती. पट्टी फाटली म्हणजे घर हललं. घर हललं की काका ताट बडवायचे आणि सगळ्यांनी अंगणात पळायचं, हा घरचा शिरस्ता. उन्हाळ्यात दुपारी स्लॅब तापला की पट्ट्या टराटरा फाटायच्या. आम्ही काम करायला गेलो त्या दिवशी त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. पोह्याच्या बशा नुकत्या हातात दिलेल्या. मुलाच्या वडिलांच्या डोक्यावरची पट्टी फाटली. काकांनी ताट बडवलं. क्षणात नवरी मुलगी, तिची आई, आजी, काका, सगळे अंगणात. पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांना वाटलं, या घरात मुलगी अंगणात दाखवतात. तेही बशा घेऊन शिस्तीत बाहेर आले आणि निंबाखाली उभं राहून मुलीला स्वयंपाक येतो का ते विचारू लागले.

लग्न जमलं. मी काकांना म्हणाले, "काका, हे ऊन आहे. भूकंप नाही."

"तुझा जन्म कवाचा?"

"भूकंपानंतरचा."

"मग गप भर."

मी गप भरलं. पुढच्या उन्हाळ्यात एकही पट्टी फाटली नाही, तर काकांनी मामाला फोन करून विचारलं, "पट्ट्या फाटंनात. भूकंप आल्याला कळायचा कसा?"

लातूरची गोष्ट याच्या उलटी. इथं फट उन्हानं पडत नाही, माणसं ठेवतात. इथं सगळ्या मराठवाड्यातली लेकरं क्लासला येतात आणि लातूरकर त्यांना घरात जागा करून देतात. हॉलच्या खोल्या होतात, खोलीच्या दोन होतात, जिन्याखाली 'सिंगल रूम, शांत वातावरण' निघते. मधे विटांची पातळ भिंत घालतात. गवंडी घाईत असतो, भिंत स्लॅबखाली येऊन थांबते, आणि 'वर काय, दिसतंय कुणाला' म्हणून तशीच राहते. दिसत नाही, कबूल. पण त्या फटीतून शेजारणीच्या दिव्याचा उजेड येतो, पाल येते, लसणाच्या चटणीचा वास येतो आणि आवाज येतो. माझी सगळी लढाई त्या आवाजाशी. दोन मुलींनी दोन खोल्यांचं भाडं द्यायचं आणि राहायचं एकाच खोलीत, हा कुठला न्याय?

मीनाक्षीचे घरमालक बब्रुवान आप्पा. त्यांच्या घरातली फट गवंड्यानं ठेवली नव्हती, आप्पांनी हुकमानं ठेवून घेतली होती. आप्पांचं गाव भूकंपाच्या पट्ट्यातलं. त्या पहाटे आप्पा शेतात जागलीला होते म्हणून वाचले. घरात कोण कोण होतं ते आप्पा सांगत नाहीत, मी विचारलं नाही. लातूरला येऊन त्यांनी पक्कं घर बांधलं. पुढं भाडेकरू पोरींसाठी आत भिंती घातल्या तेव्हा गवंड्यापुढं काठी घेऊन उभे राहिले.

"भिंतीनं स्लॅबला हात लावू न्हाई. चार बोटं खाली थांबायचं. स्लॅब आला तर भिंतीला घेऊन येतो, भित गेली तर स्लॅबला वढती. त्या दोघांची वळखच नको."

आप्पा स्वतः अजून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपतात. मी एकदा विचारलं, "आप्पा, तुम्ही पत्र्याखाली आणि पोरी स्लॅबखाली, हे कसं काय?"

"पोरी पळतेत. माझे गुडघे पळत न्हाईत."

त्यांच्या फटीसाठी मी वर्षभर भांडत होते. मऊ भरण घालते, भिंत आणि स्लॅब एकमेकांना टेकणार नाहीत, म्हणून सांगत होते. आप्पांची बायको अक्का, घरातली मेस तीच चालवते, तीही माझ्या बाजूनं होती. पण आप्पा ऐकतील तर शपथ. "तुझ्या पत्रकाला मी घाबरत न्हाई. जमिनीचं पत्रक वाचलेला माणूस हाय मी."

या घरात मीनाक्षीच्या पलीकडच्या खोलीत देगलूरची अश्विनी राहायची. हुशार, होर्डिंगवर जाण्याच्या लायकीची, आणि आवाज असा की ती पाठ करू लागली की अंगणातली मांजर जागा बदलायची. मीनाक्षीचा स्वभाव पुटपुटणारा. दसऱ्याला दोघींचं वाळत घालायच्या दोरीवरून भांडण झालं. ओली ओढणी कुणाची आणि कोरड्या सलवारीवर ती टाकली कुणी, असा काहीतरी मुद्दा होता. तेव्हापासून पक्का अबोला. एकमेकींना जेवताना मीठसुद्धा अक्कामार्फत मागायच्या.

आता क्लासची परीक्षा. एकच पेपर दोन बॅचना. अश्विनी सकाळच्या बॅचला, मीनाक्षी दुपारच्या. निकाल तपासताना मोठ्या सरांच्या लक्षात आलं, की दोघींची बरोबर उत्तरं सोडा, चुकीची उत्तरंही तीच आहेत. सरांनी हिशोब मांडला : सकाळच्या पोरीनं बाहेर येऊन उत्तरं सांगितली, दुपारच्या पोरीनं लिहिली. खोल्या शेजारी, म्हणजे पुरावा पक्का. अश्विनीचे मार्क चांगले, तिच्यावर क्लासच्या आशा, म्हणून तिला केबिनमध्ये बोलावून समज. मीनाक्षीचे मार्क बरे, म्हणून तिला फळा. हा न्याय बघा तुम्ही!

मीनाक्षीचे वडील गव्हाणे गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांची ड्युटी ज्या केंद्रावर लागते तिथली पोरं रडकुंडीला येतात, असा लौकिक. कॉपी पकडणाऱ्या माणसाच्या मुलीचं नाव कॉपीत. फोटो बघितल्याबरोबर त्यांनी मुलीला फोन केला, "बॅग भर. उद्या येतो." मीनाक्षीच्या पाठीवर आणखी दोन बहिणी, त्यांनाही पुढं लातूरला पाठवायचं ठरलं होतं. एक बॅग घरी गेली की तिघींचं लातूर संपणार होतं.

त्याच दिवशी सरांनी आप्पांनाही फोन केला, "तुमच्या घरात पोरी भिंतीवरून चिठ्ठ्या टाकतात. बंदोबस्त करा, नाहीतर आमच्या मुली दुसरीकडं हलवू." वर्षभर जे माझ्या पत्रकांना जमलं नाही ते एका फोननं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांचं बोलावणं आलं : "भर माय तुझी ती फट. मऊ तर मऊ."

मी घोडी घेऊन गेले. मीनाक्षीच्या खोलीत घोडी लावली आणि वर चढून फटीतला धुरळा झाडायला लागले. खाली मीनाक्षी बॅग भरत होती. डोळे सुजलेले. कपड्याची घडी घालायची, नाक पुसायचं, पुढचा कपडा. पलीकडच्या खोलीत अश्विनीचं पाठांतर चालू. घोडीवर माझं डोकं बरोबर फटीशी, त्यामुळं ते माझ्या कानात शिरत होतं.

"लतानं पातेलं झाडून..." अश्विनी ओरडली आणि थांबली. पाणी प्यायली असावी.

खालून मीनाक्षी, सलवारीची घडी घालता घालता, हुंदका देऊन म्हणाली, "...दिलं दारात."

मी घोडीवरून खाली बघितलं. "काय म्हणालीस?"

"काय न्हाई."

पलीकडून अश्विनीनं दुसरं काहीतरी सुरू केलं, मधेच खोकली. खालून पुढचं वाक्य पुन्हा आलं. मीनाक्षीला ते कळतही नव्हतं. शेजारच्या घरात रेडिओ लागला की आपल्या तोंडात गाणं बसतं, तसं तिच्या तोंडात शेजारणीचं जीवशास्त्र बसलं होतं.

मी खाली उतरले. "लतानं पातेलं कुठं दिलं? नीट सांग मला."

मग बाहेर आलं सगळं. पेशी विभागते तेव्हा तिच्या पाच पायऱ्या असतात, अवघड नावांच्या. अश्विनी असली नावं पाठ करायला वाक्यं जुळवायची. लतानं म्हणजे लेप्टोटीन, झाडून म्हणजे झायगोटीन, पातेलं म्हणजे पॅकिटीन, मग डिप्लोटीन, डायकायनेसिस.

"पुस्तकात झाडणं आधी हाय ताई, पातेलं नंतर. पण तिनं वाक्य जमावं म्हणून उलटं केलं. आणि वरडून वरडून पाठ केलं. मी कानात कापूस घातला, उशी घेतली डोक्यावर, तरी ते शिरलंच. पेपरात पायऱ्या विचारल्या तर पुस्तक आठवंचना, लताच आठवली. बाकीच्या चुका पण तशाच. तिच्या चुका मला तिच्यापेक्षा जास्त पाठ हायत."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? शेजारणीचं चोरून ऐकते म्हणून?" तिनं नाक पुसलं. "आणि तिच्याशी मी बोलत न्हाई."

मी घोडी मिटली. बाहेर आप्पा तंबाखू मळत बसले होते. "आप्पा, फट भरायची नाही."

आप्पांचा हात थांबला. "वर्षभर भर भर म्हणून डोकं खाल्लंस. आता मी भर म्हणालाव तर न्हाई?"

"आता ती साक्षीदार आहे. साक्ष झाल्याशिवाय बुजवायची नाही."

"अक्के," आप्पा आत बघून ओरडले, "हिला चहा दे गं. डोक्यात ऊन गेलंय हिच्या."

गव्हाणे गुरुजी दुपारी आले. उभ्याउभ्याच म्हणाले, "चल." मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, प्रत्येक कॉपीवाला काहीतरी सांगतोच. माझ्या मुलीचं म्हणून मी खरं मानणार नाही. पुरावा दाखवा."

"बाबा!" मीनाक्षी म्हणाली.

"तू बोलू नको. इथं बाप नाही, पर्यवेक्षक बोलायलेत."

त्या क्षणी मला गुरुजींचा संताप आला, पण एका दृष्टीनं माणूस कामाचा होता. मी म्हणाले, "चला मग सरांकडं. पुरावा दोघांनी मिळून बघा." आम्ही क्लासवर गेलो. मोठ्या सरांना वेळ नव्हता. मी सांगितलं, "काही हरकत नाही. उद्या सकाळच्या बॅचला गेटवर पत्रक वाटते. मथळा तयार आहे : 'सरांना ऐकू येत नाही काय?' खाली पालकांसाठी दोन ओळी." सरांना एकदम वेळ झाला. विद्यार्थ्यांना न भिणारा माणूस पालकांना भितो, हे माझं पत्रकांच्या काळापासूनचं ज्ञान.

परीक्षा अशी ठरली. सरांनी अजून न शिकवलेल्या धड्याचं एक पान स्वतः निवडायचं. अश्विनीनं ते तिच्या खोलीत, सरांसमोर, रोजच्यासारखं वाचायचं. मीनाक्षीनं तिच्या खोलीत, दार लावून, पुस्तकाशिवाय बसायचं आणि ऐकू येईल ते बोलायचं. तिच्याजवळ पर्यवेक्षक म्हणून गुरुजी. मी सरांबरोबर, कारण सरांवर माझा विश्वास नव्हता. अक्का दारात. आप्पा अंगणात, कारण ते स्लॅबखाली येत नाहीत.

सरांनी पान दिलं. "वाच."

आणि अश्विनीचा आवाज गेला. मांजरीला पळवणारी पोरगी, पण एरवी स्टेजवर माइक धरून नाहीतर केबिनमध्ये बघितलेले सर तिच्या खाटेवर, तिच्या वाळत टाकलेल्या टॉवेलशेजारी बसलेले. तिच्या तोंडून वारासुद्धा फुटेना.

"मोठ्यानं वाच ना गं," मी म्हणाले.

"वाचायले की ताई," ती कुजबुजली.

पलीकडून गुरुजींचा खणखणीत आवाज आला, "काहीही ऐकू येत नाही!"

सर उठले. कपडे झटकले. "बघितलंत मॅडम? फटीतून हवा येते, अभ्यास येत नाही. विषय संपला." पलीकडं बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. तो मात्र अगदी स्पष्ट आला. आतापर्यंत कितीतरी मोर्चे फसले होते माझे, पण फसल्यावर कुणाची बॅग उचलली जात नव्हती.

अश्विनीच्या दुसऱ्या बाजूला तिसरी खोली होती. तिथल्या दोघी नुकत्याच क्लासवरून आल्या होत्या. घरात सर आलेत, परीक्षा चालू आहे, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्यातली एक सरांची नक्कल करण्यात पटाईत. तिनं चपला काढल्या असतील-नसतील, तोवर सुरू झाली. दोन्ही भिंतींवरून, दोन्ही फटींतून, घरभर :

"बाळांनोऽऽ! झोप ही आळशी माणसाची गरज आहे!"

सर दारातच थांबले. पलीकडून गुरुजींनी कर्तव्यदक्षपणे जाहीर केलं, "आलं! ऐकू आलं! 'बाळांनो, झोप ही आळशी माणसाची गरज आहे.' बरोबर का सर? पानात आहे का हे?"

तिसरी खोली पुढं गेली. दुसरी पोरगी म्हणाली, "अगं पण सर तर दुपारी केबिनमध्ये घोरतेत."

"'सर दुपारी केबिनमध्ये घोरतात!'" गुरुजी. "एकेक शब्द स्पष्ट आहे सर. पुढचं सांगा त्यांना."

"आणि होर्डिंगवरचा तो चष्मेवाला पोरगा? तो आपल्या क्लासला कधी होता गं?"

"फोटोपुरता आला होता."

"'होर्डिंगवरचा चष्मेवाला...'"

"ऐकू येतंय!" सर ओरडले. "गुरुजी, ऐकू येतंय, बस्स करा! मान्य आहे मला!"

अंगणातून आप्पा म्हणाले, "मला बी ऐकू आलं."

अक्का पदर तोंडात कोंबून आत पळाली. आणि अश्विनी, जिचा आवाज गेला होता, ती इतकी हसली की तो परत आला. त्या परत आलेल्या आवाजात तिनं ते पान घडाघडा वाचलं. पलीकडून मीनाक्षीनं एक ओळ मागं राहून सगळं म्हणून दाखवलं, अश्विनीचे दोन चुकलेले उच्चार जसेच्या तसे धरून. गुरुजी दार उघडून बाहेर आले. त्यांनी मुलीकडं बघितलं नाही. सरांना म्हणाले, "मी निर्दोष म्हणून शेरा देतो. आपण?"

सरांनी मान डोलावली.

गुरुजी आत गेले आणि बॅगेतले कपडे काढून पुन्हा कपाटात ठेवू लागले. घड्या वाकड्यातिकड्या पडत होत्या. मीनाक्षी म्हणाली, "राहू द्या बाबा, मी ठेवते." ते म्हणाले, "गप बस," आणि ठेवत राहिले.

मग मी फट भरली. दाट फोम, दोन्ही अंगांनी सीलंट. आप्पा बऱ्याच वर्षांनी स्लॅबखाली आले, घोडीला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "नख लाव त्याला. दबतंय का?"

"दबतंय आप्पा."

"भित टेकली न्हाई ना वर?"

"नाही टेकली."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि लगबगीनं अंगणात गेले. मीनाक्षी आणि अश्विनी आता बोलतात. झाडणं आधी की पातेलं आधी यावरून पहिलं भांडण झालं, त्यातच अबोला मोडला.

हे असं गोड झालं म्हणून तुम्ही पान उलटाल, तर थांबा. सरांनी मीनाक्षीला स्टार बॅचमध्ये परत घेतलं. फळा पुसला. पण ग्रुपवर एक ओळ टाकायला त्यांनी नकार दिला. "तोंडी सांगितलंय ना मॅडम. मिटलेला विषय पुन्हा कशाला उकरायचा? संस्थेच्या प्रतिमेचा प्रश्न असतो." मुलीच्या प्रतिमेचा नसतो. पुसलेल्या फळ्याचा फोटो कुणी काढला नाही. लाल खडूचा फोटो मात्र फिरतो आहे. एका ग्रुपवरून दुसऱ्यावर गेला, तिथून नांदेडला गेला, कुणीतरी त्याखाली 'आजच्या मुली, सावध पालक' असं लिहून पुढं पाठवला. गुरुजी रेणुकेच्या दर्शनाला माहूरला गेले, तर रांगेत पुढच्या माणसानं वळून विचारलं, "गव्हाणे ना तुम्ही? ते कॉपीचं तुमच्याच मुलीचं का?" गुरुजींनी त्याला सगळं सांगितलं. रांग मोठी होती म्हणून सगळं सांगता आलं. पण प्रत्येक ठिकाणी एवढी रांग कुठून आणायची? आणि मीनाक्षीच्या धाकट्या बहिणीला शाळेत पोरी अजून 'कॉपीवाल्या ताईची बहीण' म्हणतात.

ही फट मला भरता येत नाही. माझ्याकडं तिचं सीलंट नाही. तुमच्याकडं आहे. हा दिवाळी अंक ज्यांच्या घरी जातो त्यांच्यापैकी कितीतरी पालक त्या ग्रुपांवर आहेत, हे मला पक्कं माहीत आहे. तुम्ही तो फोटो बघितलात, काहींनी त्याखाली अंगठ्याचं चिन्ह टाकलंत, काहींनी तो आणखी पुढं धाडलात. मला तुमची हळहळ नको आहे. फोन हातात घ्या. जिथं जिथं तुम्ही तो फोटो पाठवलात, तिथं तिथं, त्याच माणसांना, स्वतःच्या नावानं लिहा : 'मुदखेडच्या मीनाक्षी गव्हाणेनं कॉपी केली नव्हती. मी चुकीचं पुढं पाठवलं.' उद्या नाही. दिवाळी झाल्यावर नाही. पुढचा लेख वाचायच्या आधी.